कारण सांगता येणार नाही

गेल्या आठवड्यात शिपाई सूचना वही घेऊन स्टाफरूममध्ये आला. चौथा तास चालू होता, मी नववीच्या मराठीच्या वह्या तपासत बसले होते. वहीत मुख्याध्यापकांच्या अक्षरात चार ओळी होत्या. सेवेतून कमी केलेल्या कर्मचाऱ्याबाबत शिक्षकांनी आपसात, विद्यार्थ्यांशी किंवा पालकांशी चर्चा करू नये, सदर बाब गोपनीय आहे, सर्वांनी वाचून सह्या कराव्यात. माझ्या आधी अकरा सह्या झाल्या होत्या. मी सही केली आणि पुढे लिहिलं, 'वाचले. सहमत नाही.'

दुपारी ऑफिसातून बोलावणं आलं. ते शेवटी सांगते. आधी हे सांगायला हवं, की अशाच एका वहीत सहा वर्षांपूर्वी मी निमूट सही केली होती आणि त्या सहीचं ओझं अजून उतरलेलं नाही. ती शाळा वेगळी, तालुकाही वेगळा. शाळेचं, गावाचं, माणसांचं नाव मी लिहिणार नाही. का लिहिणार नाही, तेही पुढे येईल.

तेव्हा मी एका उर्दू हायस्कुलात होते. विनाअनुदानित तुकडीवर विज्ञानाच्या एक बाई होत्या. वय जेमतेम अठ्ठावीस, एमएस्सी, बीएड. मानधन सांगायला लाज वाटेल इतकं. प्रयोगशाळेच्या नावाखाली आमच्याकडे एक कुलूपबंद कपाट होतं, तर या बाई घरून हळद, लिंबू आणि धुण्याचा सोडा घेऊन यायच्या आणि आठवीच्या मुलींकडून आम्ल-आम्लारीचा प्रयोग करून घ्यायच्या. मुलींच्या ओढण्या पिवळ्या-लाल व्हायच्या, आया तक्रार करायच्या आणि मुली खुश असायच्या. मला ती 'आपा' म्हणायची. पुढच्या जूनमध्ये तिची दोन वर्षं पूर्ण होणार होती.

एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर तिला चेअरमनसाहेबांनी बोलावलं. सोमवारी मस्टरवर तिच्या नावावर लाल शाईची आडवी रेघ होती. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅनेजमेंटचा निर्णय आहे, कॉन्फिडेन्शियल आहे." मग ती वही आली आणि आम्ही सह्या केल्या.

बंदी चर्चेवर होती, म्हणून चर्चा कुजबुजीत झाली. मंगळवारी कळलं, विज्ञान प्रदर्शनाच्या वर्गणीत काही गडबड होती. बुधवारी कळलं, दहावीच्या तोंडी परीक्षेचे गुण वाढवले होते. शुक्रवारी गोष्ट तिथे पोहोचली, जिथे बाईमाणसाची गोष्ट आपल्याकडे नेहमीच पोहोचते. कुणी सांगितलं, विचारलं तर प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं असतं. संस्थेने तोंड मिटलं होतं आणि मोकळी जागा गावाने आपल्या आवडीच्या मालाने भरली. तिच्या वडिलांनी मोहल्ल्यातल्या मशिदीत जुम्म्याला जाणं बंद केलं. स्टँडजवळच्या मशिदीत जायला लागले, तिथे परगावचे लोक जास्त असतात.

मी काय केलं? मी काही पसरवलं नाही. गीबत केली नाही, असं मनाला सांगत राहिले. ऐकत मात्र होते. आणि 'हे खोटं आहे' असं एकदाही म्हणाले नाही, कारण खरं काय ते मला माहीत नव्हतं, आणि माहीत नसलेल्या गोष्टीवर गप्प बसणं हा शहाणपणा असतो असं आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं.

पुढच्या मे महिन्यात दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका संस्थेच्या सेक्रेटरींचा मला फोन आला. त्यांच्याकडे तिने अर्ज केला होता. त्यांनी अदबीने विचारलं, "मॅडम, तुम्ही सोबत होतात. नेमका काय प्रकार होता?" मी म्हणाले, "त्याबद्दल मला काही सांगता येणार नाही." ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "बरं बरं, समजलं."

त्यांना काय समजलं? मी खोटं बोलले नव्हते. पण कुठल्याही आरोपाने झालं नसतं तेवढं नुकसान माझ्या त्या वाक्याने केलं. मला एवढं तर सांगता आलं असतं की मी जवळपास दोन वर्षं तिच्यासोबत काम केलं, ती चांगलं शिकवते, वेळेवर येते आणि तिच्याविरुद्धचा एकही लेखी आरोप मी पाहिलेला नाही. यातलं एक अक्षरही गोपनीय नव्हतं. पण सही करून करून 'गोपनीय' हा शब्द एवढा अंगात भिनतो, की माणूस आपल्या डोळ्यांनी पाहिलेलंही सांगायचं विसरतो. नोकरी अर्थातच तिला मिळाली नाही.

त्यानंतर ईद झाल्यावर ती माझ्या घरी आली. शीरखुर्म्याची वाटी तशीच ठेवली आणि विचारलं, "आपा, तुम्हाला तरी माहीत असेल ना? मला का काढलं?"

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. आम्ही सगळे समजत होतो की कारण तिला माहीत आहे आणि ती लपवते आहे. ती समजत होती की कारण सगळ्या स्टाफला माहीत आहे, फक्त तिला कुणी सांगत नाही. तिने पर्समधून घडी केलेला कागद काढला. त्यावर दोन ओळी होत्या. आपली सेवा अमुक तारखेपासून समाप्त करण्यात येत आहे, नोटिशीऐवजी एक महिन्याचं वेतन सोबत जोडलं आहे. बस्स. शनिवारी केबिनमध्ये चेअरमन तिला एवढंच म्हणाले होते, "बेटा, बात मत बढ़ाओ, तुम्हारे ही हक़ में अच्छा है."

आजही ते कारण मला माहीत नाही. तिलाही नाही.

आता मला सांगा, ही गोपनीयता कुणापासून होती? जिची गोष्ट आहे तिच्यापासूनच जर ती लपवली असेल, तर तिला गोपनीयता म्हणायचं तरी कसं?

मी भाषा शिकवते, म्हणून शब्दांपाशी जरा थांबते. 'गोपनीय' ज्या धातूवरून आला त्या 'गुप्'चा अर्थ लपवणं जसा आहे तसाच राखणं, रक्षण करणंही आहे. म्हणजे गोपनीय म्हणजे जपायची गोष्ट. उर्दू दफ्तरांत 'सीगा-ए-राज़' म्हणतात. आणि बडतर्फ हा आपला मराठी शब्द फारसीतल्या 'बरतरफ'वरून आलेला, एका बाजूला सारलेला. बाजूला सारलेल्या माणसाची कुठली तरी गोष्ट जपायची असेल, तर जपणूक कुणाची व्हायला हवी? त्या माणसाची. आमच्याकडे जपणूक चेअरमनसाहेबांची होते.

हा फक्त शब्दांचा खेळ नाही. २०१२ मध्ये गिरीश देशपांडे विरुद्ध केंद्रीय माहिती आयोग या प्रकरणात सुप्रीम कोर्टासमोर हाच प्रश्न आला होता. भविष्य निर्वाह निधी खात्यातल्या एका अधिकाऱ्याला दिलेले मेमो, कारणे दाखवा नोटिसा, शिक्षा यांची माहिती कुणीतरी माहिती अधिकारात मागितली होती. कोर्टाने सांगितलं, ही त्या कर्मचाऱ्याची वैयक्तिक माहिती आहे, मोठं सार्वजनिक हित असल्याशिवाय ती तिऱ्हाइताला देता येणार नाही. या निकालावर टीका झाली, होते, आणि ती सगळीच चूक आहे असं मला वाटत नाही. पण निकालाचा एक भाग साफ आहे. खासगीपणा आहे तो कर्मचाऱ्याचा. आमच्या संस्थाचालकांनी त्याच्या अंगावरची ही चादर ओढून स्वतः पांघरली आहे. बाईंनी उद्या चौकात उभं राहून आपला आदेश वाचून दाखवायचं ठरवलं, तर त्यांना अडवणारे चेअरमन कोण?

तरी कायदा अगदी निर्दोष आहे असंही नाही. महाराष्ट्रात खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा सेवाशर्ती अधिनियम आणि १९८१ ची नियमावली आहे. कायम शिक्षकाला काढायचं तर चौकशी समिती लागते. एक माणूस संस्थेचा, एक शिक्षकाने निवडलेला, तिसरा राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या शिक्षकांच्या यादीतून. आरोप लेखी द्यावे लागतात, त्यांना उत्तर देता येतं, साक्षीदार तपासता येतात. ज्याने कुणी हा नियम लिहिला त्याला शाळेचं राजकारण ठाऊक होतं.

पण हाच कायदा परिवीक्षेवरच्या शिक्षकाला, काम किंवा वागणूक समाधानकारक वाटली नाही म्हणून, महिन्याची नोटीस किंवा महिन्याचा पगार देऊन काढायची मुभा देतो. तात्पुरत्या कर्मचाऱ्यासाठी तर नियम २८ मध्ये सरळ म्हटलंय, कारण न देता. आणि कोर्टांनी वर्षानुवर्षं घालून दिलेला एक भेद आहे. आदेशात कलंक लागेल असं काही लिहिलं असेल किंवा आरोप हाच आदेशाचा पाया असेल, तर चौकशी हवी. आदेश साधा असेल तर नको. हा भेद शिक्षकाच्या भल्यासाठी होता, त्याच्या कपाळावर चौकशीशिवाय डाग लागू नये म्हणून. संस्थांचे वकील त्यातून उलटा धडा शिकले, की काहीच लिहू नका. कारण लिहिलं तर सिद्ध करावं लागेल, नाही लिहिलं तर दोन ओळींत काम होतं. कोर्ट आदेशाच्या मागे जाऊन खरं कारण बघू शकतं, बघतंही, पण त्यासाठी शिक्षकाने आधी कोर्टापर्यंत पोहोचायला हवं.

म्हणजे कागदावर डाग नको म्हणून कागद कोरा ठेवायचा आणि गावाला तो हवा तसा रंगवू द्यायचा. लेखी आरोपाला लेखी उत्तर देता येतं. कुजबुजीला उत्तर कुठल्या पत्त्यावर पाठवायचं?

दोन वर्षं समाधानकारक पूर्ण झाली की कायद्याने शिक्षक कायम मानला जातो, हे संस्थांना आपल्यापेक्षा जास्त पाठ असतं. म्हणून माणसं तेविसाव्या महिन्यात नकोशी होतात, किंवा दरवर्षी जून ते एप्रिल असा आदेश मिळतो आणि मे महिन्यात आपण कुणाचेच नसतो. नियमावली म्हणते की परिवीक्षेवरच्या शिक्षकाच्या कामाचं मुख्याध्यापकांनी वस्तुनिष्ठ मूल्यमापन करावं, त्याची नोंद ठेवावी. त्या बाईंची अशी नोंद असेल तर त्यांना कधी दाखवली गेली नाही. 'समाधानकारक नाही' हे कुठल्या तासाला, कुठल्या वर्गात ठरलं, देव जाणे.

आता आपल्या लोकांबद्दल. कारण मराठी, हिंदू, जैन, सगळ्यांच्या संस्थांत हे चालतंच, पण आमच्याकडे त्यावर आणखी दोन मुलामे चढवले जातात.

पहिला मुलामा कौमचा. "आपली एवढी एकच शाळा आहे, बाहेर बोललात तर दुश्मनांना आयतं कोलीत मिळेल." अल्पसंख्याक संस्थेला घटनेच्या कलम ३० चा अधिकार आहे, म्हणून शिक्षणाधिकाऱ्यांनी आमच्या घरात डोकावू नये, असा थाट. सेवाशर्तींचा तो अधिनियम अल्पसंख्याक शाळांनाही लागू आहे. मुख्याध्यापक आणि संस्थेने नावं कळवलेले आणखी तीन जण, एवढ्यांच्या नेमणुकीपुरती सूट आहे, बाकी नाही. २००२ मध्ये टी. एम. ए. पै प्रकरणात सुप्रीम कोर्टाच्या ११ न्यायमूर्तींनी अल्पसंख्याकांचा संस्था चालवण्याचा हक्क मान्य केला, आणि त्याच निकालात काढलेल्या शिक्षकांना दाद मागायला जिल्ह्या-जिल्ह्यात न्यायाधिकरण असावं असंही सुचवलं. कलम ३० आपल्या मुलांची तालीम आपल्या हातात राहावी म्हणून आहे. आमच्याच एका मुलीला कारण न सांगता घरी बसवता यावं म्हणून नाही. आणि ती मुलगी कौमची नव्हती का? तिला एमएस्सीपर्यंत पोहोचवायला तिच्या वडिलांनी काय काय विकलं, ते मला माहीत आहे.

दुसरा मुलामा दीनचा. "पर्दापोशी करा, मॅडम. दुसऱ्याचा ऐब झाकणं सवाबचं काम आहे." बरोबर आहे. एखाद्याकडून स्वतःपुरती चूक झाली, ती त्याच्या आणि त्याच्या रबच्या मधली आहे, तिथे पर्दा टाकावा. पण पर्दापोशी जुलूम करणाऱ्याच्या जुलमावर टाकायची चादर नाही. सूरह निसामध्ये वाईट गोष्टीची उघड चर्चा नापसंत ठरवली आहे आणि तिथेच ज्याच्यावर जुलूम झाला त्याला अपवाद केलं आहे. त्याला बोलायची मुभा आहे. सूरह हुजुरातमध्ये खबर आली तर आधी तपासा असं सांगितलंय. आम्ही नेमकं उलट केलं. खबर तपासली नाही आणि मजलूमला गप्प बसवलं.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, मग काय, प्रत्येकाला काढल्यावर स्टाफरूमच्या फळ्यावर कारण लिहायचं? नाही. आणि इथे मला माझ्याच सहकाऱ्यांशी भांडायचं आहे. कारण संस्थेला शिव्या देणाऱ्या बऱ्याच जणांना न्याय नको असतो, मसाला हवा असतो. कुणी आजारपणामुळे गेलं असेल, कुणाच्या घरात काही घडलं असेल, कुणाकडून खरंच पैशाची चूक झाली असेल आणि त्याने ती भरून दिली असेल. त्यातला तपशील मला कळायलाच हवा असा माझा काही हक्क नाही. चहा पिता पिता वाटणारी उत्सुकता हा हक्क नव्हे. मी शाळेचं नाव लिहिलं नाही तेही याचसाठी. नाव लिहिलं की गाव कळेल, गाव कळलं की बाई कळतील, आणि आपली गोष्ट सांगावी की नाही हे त्या बाईंनी ठरवायचं आहे. मला एवढं लिहायची परवानगी त्यांनी दिली आहे, तेवढंच लिहिते आहे.

त्याच शाळेतली, या घटनेच्या तीन वर्षं आधीची दुसरी गोष्ट सांगितल्याशिवाय मात्र माझं म्हणणं पूर्ण होत नाही. एक सर होते. दोन मुलींच्या आया मुख्याध्यापकांकडे आल्या. बंद खोलीत बैठक झाली. 'मुलींच्या इज्जतीचा प्रश्न आहे' असं म्हणत सगळं गोपनीय ठरलं. सरांनी 'वैयक्तिक कारणास्तव' राजीनामा दिला. आम्ही वर्गणी काढून त्यांना शाल आणि घड्याळ दिलं. अनुभवाच्या दाखल्यावर 'वर्तणूक उत्तम' लिहिलं गेलं आणि पुढच्या जूनमध्ये ते दुसऱ्या गावच्या शाळेत रुजू झाले. तिथे पुढे काय झालं ते मी लिहिणार नाही, कारण ती गोष्ट तिथल्या मुलींची आहे.

शाल देताना मी टाळ्या वाजवल्या होत्या. आयांच्या तक्रारीबद्दल मला तेव्हा माहीत नव्हतं, नंतर कळलं. पण ज्यांना माहीत होतं तेही टाळ्या वाजवत होते.

२०१२ चा पॉक्सो कायदा याबाबतीत जराही संदिग्ध नाही. बालकावर असा गुन्हा झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. कळवलं नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाबद्दल लपवलं तर एक वर्षापर्यंत. याच कायद्यात मुलीची ओळख उघड करायला बंदी आहे. म्हणजे काय झाकायचं आणि काय सांगायचं, हे कायद्याने वेगवेगळं करून ठेवलंय. नाव मुलीचं झाकायचं, कृत्य मोठ्या माणसाचं कळवायचं. आमच्या संस्थेने मुलीच्या नावाची ढाल करून सरांना वाचवलं. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यातही असाच शहाणपणा आहे. तक्रारीचा, चौकशीचा तपशील प्रसिद्ध करायला बंदी, पण पीडितेची आणि साक्षीदारांची ओळख न देता न्याय झाला हे सांगायला मुभा.

एकाच शाळेने एकाच शब्दाने दोन कामं केली. जिच्याविरुद्ध लेखी काही नव्हतं तिला गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाही, आणि ज्याच्याविरुद्ध दोन आया समोर उभ्या होत्या त्याला कोऱ्या पाटीने दुसऱ्या वर्गात पाठवलं. म्हणून 'गोपनीयता हवी की नको' या वादात मला रस नाही. माझा प्रश्न एवढाच असतो, की गुपित कुणाचं आहे आणि किल्ली कुणाच्या खिशात आहे.

संस्थाचालक म्हणतात, "मॅडम, तुम्हाला काय जातं बोलायला? आम्ही कारण सांगितलं तर बदनामीचा दावा आमच्यावर लागतो." ही भीती काहीशी खरी आहे, पण बरीचशी सोयीची आहे. बदनामीच्या कलमाला, जुन्या दंडसंहितेत ४९९ आणि आता न्याय संहितेत ३५६, सद्भावनेचे अपवाद आहेत. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या हिताच्या रक्षणासाठी प्रामाणिकपणे सांगितलेली गोष्ट बदनामी ठरत नाही. आणि ज्या माणसाला काढलं त्याला स्वतःला कारण लेखी देणं ही तर बदनामी होऊच शकत नाही, तिथे तिसरा माणूस आहेच कुठे? तेही देत नाहीत, याचा अर्थ भीती दाव्याची नाही. कारण लिहून दिलं की ते खरं असावं लागतं, भीती त्याची आहे.

आम्हाला काय हवं आहे ते फार नाही. काढलेल्या माणसाच्या हातात कारण द्या, तो परिवीक्षेवर असो की तासिका तत्त्वावर, कायदा मागो वा न मागो. त्याची इच्छा असेल तर स्टाफला एक ओळ सांगा, की यात पैशाचा किंवा चारित्र्याचा कोणताही आरोप नाही. या एका ओळीने त्या बाईंच्या वडिलांची मशीद बदलली नसती. त्याला बोलू द्या, आणि त्याच्याबद्दल कुणी विचारलं तर आम्ही जे पाहिलं ते आम्हाला सांगू द्या. आणि जिथे मुलांचा प्रश्न आहे तिथे शाल देऊ नका, पोलिसांना कळवा.

माझा भाचा पुण्यात एका मोठ्या कंपनीत आहे. तो हसला. म्हणाला, "मावशी, आमच्याकडे तर माणसाचं कार्ड सकाळी गेटवर चालत नाही, तेव्हा कळतं. मग मेल येतो, की त्यांना पुढील वाटचालीसाठी शुभेच्छा." तिथे निदान गाव मोठं आहे. दुसऱ्या कंपनीत जाईपर्यंत आधीची कुजबुज मागे राहते. आमच्या तालुक्याच्या गावात उर्दू माध्यमाचं हायस्कूल एकच असतं आणि कुजबुज एसटीच्या आधी पोहोचते.

तर त्या दुपारी मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. माणूस वाईट नाही, निवृत्तीला तीन वर्षं उरली आहेत. म्हणाले, "मॅडम, ती ओळ खोडा. उगाच वर प्रश्न येईल." मी विचारलं, "सर, त्यांना कारण लेखी दिलंय का?" ते म्हणाले, "ते मला माहीत नाही. पत्र वरून तयार होऊन आलं." मी म्हणाले, "म्हणजे गोपनीय काय आहे ते तुम्हालाही माहीत नाही?" ते काही बोलले नाहीत. मग घंटा झाली आणि म्हणाले, "जा, तुमचा तास आहे." ओळ मी खोडली नाही, त्यांनीही खोडलेली नाही, काल बघितलं.

संध्याकाळी मी या वेळी काढलेल्या सरांना फोन केला. सहा वर्षांपूर्वी हाच फोन मी केला नव्हता. विज्ञानाच्या बाई माझ्याकडे आल्या तेव्हा मुदत कधीच उलटून गेली होती. शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करायला आदेश मिळाल्यापासून ३० दिवस असतात. सबळ कारण दाखवलं तर उशीर माफ होऊ शकतो, पण 'सगळे म्हणाले गप्प बस' हे सबळ कारण म्हणून कुणाला लिहून देणार? त्यांनी अपील केलंच नाही. आता घरी शिकवण्या घेतात.

सरांनी पाकीट जपून ठेवलं आहे, पोस्टाच्या शिक्क्यासह. पत्र मिळून बारा दिवस झाले होते, म्हणजे अठरा उरले. राजीनामा लिहून द्या, चांगला दाखला देतो, असा निरोप त्यांना येऊन गेला आहे. त्यांना सांगितलं, काहीही लिहून देऊ नका, केबिनमध्ये एकटे जाऊ नका. जिल्ह्याच्या ठिकाणी एक वकील आहेत, शाळांचीच प्रकरणं बघतात, रविवारी घरी भेटतात. आम्ही तिघे सरांसोबत जाणार आहोत. एसटी सकाळी सातची आहे.